फलकावरची लाल मोटारसायकल

प्रिय पत्नीस,

आज घर रिकामे केले. तू भिंतीवर लावलेला संकल्पफलक तेवढा उरला होता. प्रत्येकाने मासिकांतून आपल्या ध्येयाचे चित्र कापून चिकटवायचे आणि ध्येय पूर्ण झाले की ज्याचे चित्र त्यानेच उतरवायचे, हा तुझा नियम. तुझ्या भावाची लाल मोटारसायकल अजून तिथेच होती. तशीच त्याने खरोखर घेतली, तुला मागे बसवून भरधाव हाकली, अपघात झाला, आणि तू परत आली नाहीस.

मी त्याला बोलावून घेतले. "उतरव ते चित्र."

"भावोजी, माझ्याने नाही होणार."

मी त्याची मानगूट धरून तोंड फलकावर आपटले. नाक फुटले. पुन्हा आपटले. मामासकट आपण चौघे एका टेबलाभोवती जेवतो आहोत, असे आपल्या लेकीने चिकटवलेले चित्र रक्ताने भिजले. तो प्रतिकार करीत नव्हता, त्यामुळे माझा संताप अधिकच वाढत गेला.

"बाबा, मामाला मारून टाकणार का?" लेक किंचाळली.

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तेव्हाच माझी पकड सुटली.

मग तिने आपले चित्र अलगद सोडवले, त्याची घडी मामाच्या खिशात घातली. "चल मामा, आधी दवाखान्यात जाऊ. मी तुझ्याकडेच राहणार." जाताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

फलक तसाच ठेवून मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या घरमालकांना परत केल्या.

तुझा पती