स्वीडनच्या कॉम्रेडचं शेवटचं पान

माजलगाव, गुरुवार, संध्याकाळ

उद्या ऊसतोड कामगारांच्या शिबिरात स्वीडनच्या एका कम्युनिस्ट खासदारावर बोलायचंय. आधी लोहार, मग युनियनचा पुढारी, मग संसदेत. शेवटी पक्षाची चूक दाखवली म्हणून पक्षानंच काढून टाकलं.

आमच्या युनियनचे सेक्रेटरी भागवतराव दुपारी म्हणाले, "सर, भाषणाचं शेवटचं पान गाळा. लोकान्ला लगेच तात्या आठवंल."

आठवणारच. मुकादमांशी झालेल्या करारावर आमच्या जुन्या कार्यकर्त्यानं, तात्यांनी, भर बैठकीत सवाल केला, म्हणून मागच्या महिन्यात त्यांना युनियनमधून काढलं. हात वर करून, एकमतानं. तरी तात्या दर बैठकीला आधी येतात, सतरंजी अंथरतात आणि स्वतः दाराबाहेर चपलांपाशी बसतात.

आज न राहवून विचारलं, "तात्या, आता काहून येता?"

"मला काढलंय. सतरंजीचं काम थोडंच दुसऱ्याला दिलंय?"

उद्याही तेच अंथरतील. त्याच सतरंजीवर उभं राहून मी बोलणार, आणि बाहेर त्यांना सगळं ऐकू जाणार. गाळू का ते पान? मघापासून मोठ्यानं वाचून बघतोय. 'काढून टाकलं' इथं आलो की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

वर किती सहज लिहून गेलो, एकमतानं. म्हणजे माझाही हात वर होता.