चुलीवरची रिळं

इंफाळ
३ ऑगस्ट १९६८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इथं आल्यापासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा आधी पोटभर रागावून घे. मुंबईच्या स्टुडिओतली नोकरी सोडून मी कुठं तडमडलो, हे भाऊजी अजून विचारत असतील. त्यांना सांग, इथल्या थेटरांत हिंदी, बंगाली, इंग्रजी सगळं लागतं. मणिपुरी भाषेतला सिनेमा मात्र एकही नाही. मागं कुणी करायला घेतला होता, तो अर्ध्यावर राहिला म्हणतात. माझा मित्र इबोम्चा इथं नाटकं बसवतो. त्यानं आता कंबर कसली आहे आणि कॅमेरा माझ्याकडे आहे.

आमची नायिका तोंबी बाजारात मासळी विकते. इथला तो बाजार सगळा बायकांचा. मी खुणा करून तिला उभं राहायला सांगतो नि ती मलाच हसते.

पावसामुळं रिळं धुवायला कलकत्त्याला धाडता येत नाहीत आणि ओलीनं जिकडेतिकडे बुरशी. आई भाताचं बी नि सुकं खोबरं चुलीवरच्या फळीवर ठेवायची, आठवतं? मीही रिळांचे डबे तसेच ठेवलेत. इबोम्चा कुरकुरला, पण पाऊस कोकणातल्या माणसाला शिकवू नकोस, असं मी त्याला बजावलं.

तुझी माया लांब पल्ल्याची आहे, ती इथवर पोचू दे.

तुझा,
जयवंत


सिल्वासा
२२ ऑगस्ट १९६८

चि. जयवंत यास
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुलीवरची युक्ती वाचून बरं वाटलं. आईचं काहीतरी घेतलंस म्हणायचं. बाकी मूठभर लोकांची बोली, तिच्यात सिनेमा काढून बघणार कोण, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या.

आता नीट वाच. इथल्या सरकारी प्रचाराच्या गाडीवर सिनेमा दाखवायला माणूस हवा आहे. यांनी कचेरीत तुझ्यासाठी शब्द टाकला, साहेबही त्यांच्या गुजरातीत 'चालसे' म्हणाले. दिवाळीनंतर हजर व्हायचं. हे कुणाकडे कधी तोंड वेंगाडत नाहीत, तुझ्यासाठी गेले. कायमची नोकरी आहे रे, आणि माझ्या डोळ्यांसमोर राहशील. नाही म्हणू नकोस.

ताईचा जीव घाबरा करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
शैलजाताई


इंफाळ
१६ ऑक्टोबर १९६८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं मुसळ केरात गेलं. रिळं धुऊन आली, त्यांच्यावर धुक्याशिवाय काही नाही. कलकत्त्याच्या माणसानं विचारलं आहे, डबे उष्णतेत ठेवले होते काय. स्टुडिओत डबे सांभाळायला वेगळा माणूस असे, मी फक्त कॅमेऱ्यामागं उभा राहायचो. तरी फिल्म म्हणजे खोबरं नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं. इबोम्चा सांगत होता, मी ऐकलं नाही.

कुणी मला एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं. उलट तोंबीनं विचारलं, पुन्हा कधी सुरू करायचं. या लोकांचा पहिला सिनेमा मी चुलीवर भाजला, आता कुठल्या तोंडानं कॅमेरा हातात घेऊ? भाऊजींना सांग, मी ती नोकरी धरतो. तुझा होकार आला की निघतो.

हरलेल्या भावाला थारा दे.

तुझा,
जयवंत


सिल्वासा
५ नोव्हेंबर १९६८

चि. जयवंत यास
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रडले आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. तू येणार म्हणून मागची खोली झाडून घेतली.

मग परवा इथून जवळच्या अथाल गावी ती प्रचाराची गाडी आली. शाळेतल्या मुलांना घेऊन मी गेले होते. सगळा गाव पडद्यासमोर बसला. माझ्या शेजारी जिवली नावाची वारली बाई होती, तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. सिनेमा हिंदी. थोड्या वेळानं तिनं माझा पदर ओढला आणि म्हणाली, की बाई, यांचं बोलणं आम्हाला कळत नाही, तेव्हा हसायचं कधी तेवढं सांगत जा. मी सांगत गेले. मी खूण केली की ती हसायची, ती हसली की आजूबाजूच्या बाया हसायच्या. जयवंता, मला तिथं बसवेना. मूठभर लोकांची बोली म्हणून तुला मीच हिणवलं होतं ना?

काल हे कामावर गेल्यावर मी स्वतः कचेरीत गेले आणि साहेबांना सांगितलं, माझा भाऊ येणार नाही. जागा लगेच दुसऱ्याला दिली. घरी येऊन यांना सांगितलं, तेव्हा हे जेवणावरून उठले. आपला शब्द मी खाली पाडला म्हणाले, आणि ते खरंच आहे. अजून बोलत नाहीत. ते मी निस्तरीन, तू त्यात पडू नकोस.

चूक तुझी आहे, तर पहिल्यापासून पुन्हा कर. इबोम्चाचे पाय धर आणि यापुढं डबे तो सांगेल तिथं ठेव. तोंबी विचारते आहे ना कधी, तर तिला उत्तर दे. सिनेमा पुरा झाला की घर तुझंच आहे. तोवर हरून आलास, तर दार मी उघडणार नाही.

मायेत उणं नाही, म्हणून ये म्हणत नाही.

तुझी,
शैलजाताई