वाळ्याच्या पडद्याआड

अण्णा, यंदा ऊन फार आहे. दुपारी राजेंद्र नगरात चिटपाखरू दिसत नाही. लेकाने माझ्या खोलीत एसी बसवलाय, म्हणून नात जेवण झालं की पुस्तकं घेऊन माझ्याच पलंगावर पसरते. तिचं दहावीचं वर्ष आहे. मी पन्ह्याचा पेला तिच्या हाताशी ठेवते आणि तुमची आठवण येते. चांगली येत नाही, अण्णा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी बोलते.

राजवाड्यामागच्या आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडात तुम्ही उन्हाळा लागला की पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा बांधायचात. बाहेर गॅलरीत उभं राहून कुणीतरी त्यावर सारखं पाणी मारायचं, मग आत गार, सुगंधी वारा. एका वर्षी दादाला गणितात सप्लीमेंट्री आली, पेपर पुन्हा द्यायचा होता. तो आत अभ्यासाला बसला आणि बादली-लोटा माझ्याकडे आला. गॅलरीची फरशी तव्यासारखी तापलेली, लूचा तापलेला वारा तोंडावर थपडा मारतोय, आणि दादा आतून ओरडतोय, "ए भिश्ती, सो गई क्या? पाणी मार ना!" तो मोठ्याने घोकायचा, मी बाहेर ऐकायची. त्याच्याआधी मला पाठ व्हायचं. एकदा मी रडकुंडीला आले, तेव्हा तुम्ही मिलमधून येऊन टोपी काढता काढता म्हणालात, "पुढच्या उन्हाळ्यात तू मॅट्रिकला जाशील. तेव्हा तू आत बस, हा पाणी मारेल. माझा शब्द." त्या शब्दावर मी अख्खा उन्हाळा काढला.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही खरंच म्हणालात, "आजपासून तू आत." मी काय हरखले होते! दादाची जुनी पुस्तकं झटकून, कव्हरं घालून, पडद्यासमोर चटई टाकून बसले. बाहेर दादा चरफडतोय, "महारानी, और पानी लाऊँ?" आई मधूनच डोकावते, म्हणते, "उन्हात पाऊल टाकू नकोस हो." मला वाटलं, माझ्या अभ्यासाची केवढी ही काळजी. बीजगणित मी त्याच गारव्यात शिकले, कुणी न शिकवता. इतकं सुख मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

मग एका दुपारी तुम्ही देवासच्या मंडळींना घेऊन आलात. मला साडी नेसवली, हातात पन्ह्याचा ट्रे दिला. त्यातल्या बाई मला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, "फोटोत सावळी वाटली होती. ही तर चांगली उजळ आहे." आणि तुम्ही हसत म्हणालात, "फोटो मागच्या वर्षीचा. आमची मुलगी उन्हात जातच नाही हो."

मी दादाकडे पाहिलं, तो खाली बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. तो गारवा माझ्या अभ्यासाला नव्हता, माझ्या रंगाला होता. शाळा उघडायच्या आत लग्न लागलं. निघताना मी विचारलं, "अण्णा, मॅट्रिक?" तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. "वेडी कुठली, आता काय करायचंय?" नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, विसरलेही असते. पण तुम्ही शब्द पाळल्यासारखं केलंत, ते विसरता येत नाही. सासरचं घर वाईट नव्हतं. लेकाच्या पुस्तकांवरून मी पुढचं सगळं वाचून काढलं, पण मॅट्रिक राहिली ती राहिलीच.

आज नातीचं एक गणित अडलं होतं, मी सोडवून दिलं. ती म्हणाली, "आजी, तू तो कमाल आहेस! मग शाळा का सोडलीस?" मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांनी माझ्या अभ्यासासाठी खोली गार करून दिली होती गं, खास माझ्यासाठी. पण मला टायफॉईड झाला." लेकालाही मी हेच सांगत आले. तुमची अब्रू राखायला नाही सांगत, अण्णा. तुम्ही ते माझ्यासाठी केलं होतंत, असं मानणारं या घरात कुणीतरी असावं, एवढंच. मला स्वतःला ते मानता आलं नाही.