काचेवरचे धागे

तीर्थरूप मामांस,

तुमच्या फिरस्त्या भाच्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण खाली जमिनीवर सुट्या स्क्रूंची वाटी सांडली आहे, तेव्हा उभ्यानेच मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कटकट वाजतो का? मामींचा खोकला गेला असेल. आणि त्यांची ती वेलीची कुंडी अजून तुमच्या जुन्या डबड्या मॉनिटरवरच ठेवलेली असते का? (सहज विचारलं.) मी इकडे खुशाल आहे, सगळं सुरळीत चालू आहे, काळजीचं कारण नाही.

आईला सांगा की मी कामाला लागलोय. कसलं काम ते तिने विचारलंच तर तूर्त ‘पक्ष्यांचं’ एवढंच सांगा. बाकी मी तुम्हाला सविस्तर लिहितो, कारण आपल्या खानदानात कॉम्प्युटर उघडून परत बंद करू शकलेला माणूस तुम्हीच. (मी उघडण्यापर्यंत आलोय.)

तर मागच्या पत्रात मी सायकलच्या दुकानात होतो, त्या दुकानातून निघालो. का निघालो ते वेगळं पत्र होईल. बसने दुसरीकडेच चाललो होतो, पण शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर असा गाढ झोपला की माझा स्टॉप आला तरी त्याला उठवायचा धीर होईना. तो जागा झाला तिथे मी उतरलो. उतरताना पिशवीचा बंद तुटला. समोर शिवणकामाचं दुकान दिसलं म्हणून आत शिरलो, तर ते भरतकामाचं निघालं: शर्टाच्या खिशावर, टोपीवर, टॉवेलवर मशीनने नावं आणि चित्रं भरून देतात तसलं. मशीन ही एवढी मोठी, एका वेळी बरेच शर्ट लावता येतात, आणि भरायला लागली की सगळ्या सुया एका तालात खालीवर. मी बघतच बसलो. बंद राहिलाच. (अजून तसाच आहे, गाठ मारलीय.)

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणतो. मशीन चालवतात त्या त्यांच्या थोरल्या नणंद, आक्का. काकू बोलतात भरपूर आणि आक्का बोलतात मोजकं, त्यामुळे दोघींचं मिळून बरोबर एका घराएवढं बोलणं होतं. मी गेलो तेव्हा काकू काउंटरवरच्या कॉम्प्युटरला थोबाडीत मारावी तशा चापट्या मारत होत्या. झालं होतं असं की त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक सिक्युरिटी एजन्सी. तिचे मिशीवाले साहेब वर्षानुवर्षं पहारेकऱ्यांचे शर्ट इथेच देत आले. आता एजन्सीने लोगो बदलला आणि नवा लोगो साहेबांनी मेलवर पाठवला. मेल उघडेना. साइट म्हणत होती, तुमचा कॉम्प्युटर फार जुना आहे, नवा घेऊन या. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं की गुरुवारपर्यंत शर्ट भरून मिळाले तर ठीक, नाहीतर नाक्यावर नवीन दुकान निघालंय.

काकूंनी माझ्यादेखतच आक्कांना सुनावलं, ‘हे गिऱ्हाईक गेलं ना आक्का, तर मी मशीन विकून दुकान भाड्याने देऊन टाकणार. तुम्ही मग भावजींकडे राहायला जा.’

आक्का सुईत धागा ओवत म्हणाल्या, ‘त्याच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो.’

बस, एवढंच. पण मामा, ओवलेला धागा त्यांनी परत काढून परत ओवला, ते मी पाहिलं. आणि माझं तोंड तर तुम्हाला माहीत आहे, ते माझ्या आधी दोन पावलं चालतं. मी म्हणालो, ‘नवीन सिस्टीम टाकली की चालेल. मला येतं. माझ्या मामांनी शिकवलंय.’ (तुम्ही एकदा मला मशीन उघडं असताना लांब बस म्हणाला होता. तेही शिक्षणच.) काकूंनी लगेच माझ्यासाठी माळ्यावरची खोली झाडायला घेतली. त्या खोलीत धाग्याची रिकामी रिळं इतकी आहेत की कूस बदलली की काही ना काही गडगडत जातं.

आता कॉम्प्युटरचं. दोन होते, एक काउंटरवरचा आणि एक आक्कांच्या मशीनशेजारचा. दोन्ही एकाच वयाचे, पांढऱ्याचे पिवळे झालेले, मागे पोट असलेले मॉनिटर. आक्कांच्या कॉम्प्युटरवरून चित्र फ्लॉपीवर घ्यायचं आणि फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, असा रिवाज. (फ्लॉपी! मी एक हातात घेऊन पाहिली, आक्कांनी हातातून काढून घेतली.) लोगो शेवटी आक्कांच्या कॉम्प्युटरवरच लागणार, म्हणून त्याचाच डबा उघडला, तर आत भरतकामाच्या दुकानातले सगळे उडते तंतू साचून गादी झालेली. पंखा त्या गादीत आरामात झोपला होता. गादी काढून मी काकूंना दाखवली, तर त्या म्हणाल्या, रंग चांगला आहे, उशीत भरता येईल.

इंटरनेटवर एक दाढीवाले गृहस्थ आहेत, ते जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटातली नवी सिस्टीम टाकून दाखवतात आणि प्रत्येक वेळी ‘अगदी सोपं आहे’ म्हणतात. मी त्यांच्याप्रमाणे पेनड्राइव्ह लावला. डब्याने ओळखच दाखवली नाही, कारण तो जन्मला तेव्हा पेनड्राइव्हवरून सुरू व्हायची पद्धतच नव्हती. मग झेरॉक्सच्या दुकानातून सीडी करून आणली, तर सीडीचा ट्रे उघडेना. तो आक्कांनी पुढच्या बारीक भोकात सुई घालून उघडला. (सुया या घरात कुठेही हात घातला तरी मिळतात. बसताना विशेष.) सीडी फिरली, काळ्या स्क्रीनवर एक ओळ आली की या सिस्टीमला लागतो तसला प्रोसेसर इथे नाही. काकूंनी विचारलं, ‘काय म्हणतोय?’ मी म्हणालो, ‘विचार करतोय.’ परत झेरॉक्सवाला, परत सीडी, या खेपेला सगळ्यात जुनाट मशीनवर चालणारी. ती चालली, पण मेमरी कमी पडून मधेच गुदमरली. तेव्हा काउंटरवरच्या डब्यातली मेमरीची पट्टी काढून आक्कांच्या डब्यात घातली. म्हणजे दोन म्हाताऱ्यांचा मिळून एक झाला. काउंटरवरचा आता नुसता शोभेला आहे, काकू त्याच्यावर पिना ठेवतात.

सिस्टीम बसली! मी टाळ्या वाजवल्या, आक्कांनी चष्मा लावला. पण मेलवाली साइट तरी उघडेना. आतलं घड्याळ चालवणारी छोटी बॅटरी मेलेली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते अजून तो जन्मला तेच साल चालू होतं, आणि साइटचं म्हणणं की त्या सालात मी नव्हतेच. मग तसलीच बटणासारखी बॅटरी घरातल्या वजनकाट्यात सापडली. आता या घरात कोणाचं वजन किती ते कोणालाच माहीत नाही आणि काकू पूर्वीपेक्षा खुशीत जेवतात.

खरी गंमत यापुढे, मामा. आक्कांच्या मॉनिटरच्या काचेवर ठिकठिकाणी रंगीत धाग्यांचे तुकडे गोंदाने चिकटवलेले होते. मला वाटलं शोभा आहे. तर ती शोभा नव्हती. मशीन विकणाऱ्याने चित्रांच्या फायलींना नुसते आकडे दिलेले आणि आयकॉन सगळे सारखेच. आक्कांनी आकडे सोडून दिले आणि जागा पाठ केल्या. हिरव्या धाग्याखाली पान, गुलाबीखाली गुलाब, पिवळ्याखाली पाळणाघराच्या लाळेऱ्यांवरचं बदक. इतकी वर्षं त्या धाग्यावर बाण नेतात, दाबतात, काम होतं. मी फायली जपून ठेवल्या होत्या हो, एकही गेली नाही, पण नव्या सिस्टीमने सगळे आयकॉन आपल्या मनाने मांडले. आक्कांनी हिरव्यावर दाबलं आणि टॉवेलवर मगर आली.

मला वाटलं आता रागावतील. त्या मगरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ही कुठे होती इतकी वर्षं?’ (एका गिऱ्हाइकाने कधीतरी करायला सांगून न नेलेली.) मग आख्खा दिवस आम्ही चिंध्यांवर एकेक चित्र भरून पाहिलं आणि एकेक आयकॉन ओढत ओढत आपापल्या धाग्याखाली नेऊन बसवला. आक्का म्हणायच्या, ‘अजून डावीकडे. तिथे नाही बाळा, बारीक डावीकडे.’ गाय गोठ्यात बांधावी तसं चाललं होतं. संध्याकाळी नवा लोगो उतरवून घेतला, त्याच्यासाठी आक्कांनी कोऱ्या जागी सोनेरी धागा चिकटवला. मी आणि काकूंनी त्यांना सांगून ठेवलं, सोनेरीखाली पक्षी आहे, तपकिरी आणि सोनेरी रंगात भरायचा.

इथे मी एक छोटी गोष्ट केली. आयकॉन जरा वाकडेतिकडे दिसत होते. धाग्यांचं काय, आक्कांनी चिकटवले तिथे चिकटवले. मी ‘नीट लावा’ असं बटण दिसलं ते दाबलं. एकदम सगळे रांगेत उभे राहिले, शाळेतल्या पोरांसारखे. मला बरं वाटलं आणि मी चहा प्यायला गेलो. (चहावाल्याकडे एक माणूस भेटला, तो नावेवर काम करतो. म्हणाला, नावेवर रिकामी जागा आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहीन.)

मी परत आलो तोवर शर्टांचा आख्खा ढीग भरून झाला होता. प्रत्येक खिशावर तपकिरी-सोनेरी रंगाचं, गंभीर चेहऱ्याचं बदक.

काकूंनी वरचा शर्ट उचलून आक्कांपुढे धरला. ‘आक्का! अहो गरुड होता तो! गरुड!’

‘पक्षी म्हणालात तुम्ही,’ आक्का म्हणाल्या. ‘मला कोणी गरुड म्हणालं नाही. मी म्हटलं, हल्लीच्या लोकांची आवड.’

बरोबरच होतं. आम्ही दोघं दोन दिवस ‘पक्षी आला का, पक्षी उघडला का’ करत होतो, पक्षी त्यांना दाखवला कोणीच नाही. बदक उसवावं तर खिशाची चाळणी होणार. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. काकू गप्प बसल्या, आणि मामा, काकू गप्प बसल्या की दुकानात पंखासुद्धा ऐकू येतो. त्यांनी मशीन विकायचा विषय काढला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

आक्काच उठल्या. माझ्याकडून सगळे आयकॉन परत आपापल्या धाग्याखाली आणवून घेतले. जाड कापड काढलं, त्याच्यावर गरुड भरायला घेतले, मी नीट कापून द्यायचे, काकूंनी ते बदकांवर शिवायचे. गरुड एका बाजूला जरा कमी पडत होता, शेपटीखालून चोच डोकावायची. आक्कांनी सगळ्यांना कडेने सोनेरी गोट घातला. सकाळी साहेब आले, खिशावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘वा! उठावदार झालंय. पूर्वीचं सपाट असायचं.’ आणि दुसऱ्या शाखेचेही शर्ट देतो म्हणाले, पण अस्सेच हवेत, असेच फुगीर.

म्हणजे या गावातल्या निम्म्या बँका आणि गोदामं ज्यांच्या भरवशावर झोपतात, त्या पहारेकऱ्यांच्या छातीवर गरुड आहे आणि त्याच्या खाली, हृदयाच्या बाजूला, बदक. रस्त्याने जाताना एखादा दिसला की मी आणि आक्का एकमेकांकडे बघत नाही.

तर असं सगळं मार्गी लागलं. मामींना नमस्कार, बारक्यांना पापे. तुम्ही औषध वेळेवर घेत जा.

तुमचा
भाचा

ता. क. : वर ‘सगळं सुरळीत चालू आहे’ लिहिलंय, ते लिहिलं तेव्हा खरं होतं. नावेवाल्याची गोष्ट लिहायला घेणार, तेवढ्यात आक्कांच्या मॉनिटरमधून फट् आवाज आला आणि काच काळी झाली. डबा चालू आहे, सिस्टीम चालू आहे, दिसत काही नाही. काउंटरवरचा मॉनिटर लावून पाहिला, पण त्याची काच लहान, धागे जुळत नाहीत. नवीन चपटा आणू म्हटलं तर तो आडवा पसरट. दुसऱ्या शाखेचे शर्ट येऊन पडलेत.

ता. क. २ : मी आक्कांना म्हटलं, नवीन जागा पाठ करा, मी मदतीला आहे. त्या काळ्या काचेसमोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मी नवीन सिस्टीम शिकले ना बाळा? आता काच तरी तीच राहू दे.’ मी नावेवाल्याला नाही म्हणून आलो.

ता. क. ३ : म्हणून कुंडीचं विचारलं होतं. (तेव्हा सहजच विचारलं होतं, पण आता नाही.) मामींना सांगा, कुंडीला मी माझ्या हाताने तिपाई करून देईन. पाकिटात सोनेरी धागा आहे, तो आक्कांनी त्यांची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून कापलाय. कुंडीखालच्या काचेला लावून बघा. पुरला तर उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नका, मॉनिटरच पाठवा. बारीक कमी पडला तर थोडा ताणून बघा, आक्का म्हणतात धागा चांगला आहे.