लाल टॅगवर सही कोण करणार

३ फेब्रुवारी

आज घडलं ते असं.
१. प्रसूती रजेचा अर्ज एचआरच्या रेवती मॅडमना दिला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं. मार्चपासून रजा, बाळंतपण एप्रिलच्या मध्यावर.
२. त्यांनी वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.
३. "तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत नवीन झालंय. नवीन माणसाला रजा कसली?"
४. म्हटलं, इथे तीन वर्षं झाली. "मध्ये ब्रेक आहे ना गं."
५. पोच मागितली. दिली नाही.

घरी येताना अंबडपर्यंत रिक्षात मोबाईलवर प्रसूती रजेचा कायदा वाचत बसले. वाचलं नसतं तर रडले असते, आणि ते मला नको होतं.

४ फेब्रुवारी

ब्रेक म्हणजे काय ते इथे लिहून ठेवते. दर अकरा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपवतात, आठवडाभर घरी बसवतात, मग नवीन कागद. या जानेवारीत त्याच आठवड्यात ग्राहकाचं ऑडिट आलं. मापं घेणारं मशीन माझ्याशिवाय कुणाला नीट चालवता येत नाही, म्हणून फोन करून बोलावलं. गेटवरचे वॉचमनकाका हसले. "मॅडम, तुम्हाला व्हिजिटर लिहू?" पास गळ्यात अडकवून दोन दिवस माझ्याच मशीनवर काम केलं. पाहुणी.

तेव्हा मीही हसले होते.

कायदा पुन्हा वाचला. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम. बस. ब्रेकने ते पुसलं जात नाही.

६ फेब्रुवारी

रेवती मॅडमनी स्वतःहून बोलावलं. चहा मागवला. "राजीनामा दे. बाळ मोठं झालं की ये, परत घेऊ. माझा शब्द." लिहून द्याल का विचारलं. "विश्वास नाही का?"

जेवायच्या सुट्टीत पॅकिंगच्या शोभाताईंना सांगितलं. त्या वणीकडच्या.
"लय गोड बोलत्यात त्या. मला बी चहाच पाजला होता."
"मग?"
"मग काय. पोरगी सहा महिन्यांची झाली तवा आले, तर म्हने जागा नाय. वरीसभर द्राक्षं खुडली. मग घेतलं, पन नवी म्हनून."
डबा बंद करता करता म्हणाल्या, "तू शिकेल-सवरेल हे. तू तरी सही करू नको."

घरी प्रशांत म्हणतो, "तब्येतीला त्रास करून घेऊ नकोस, सोड ती नोकरी." नोकरी माझी, रजा माझी, आणि सोडायचंही मीच. बाळाचा बाबा म्हणून त्याची रजा मंजूर झाली आहे. सोमवारी पेढे नेणार ऑफिसात.

९ फेब्रुवारी

आमच्याकडे तपासणीत साधा बुशसारखा छोटा पार्टसुद्धा नाकारला तर लाल टॅग लागतो. कारण आणि नाकारणाऱ्याची सही. तोंडी रिजेक्शन चालत नाही. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

आज अर्जाला लाल टॅग बांधून रेवती मॅडमच्या टेबलावर ठेवला.
"हा काय चावटपणा?"
"नाकारलाय ना? कारण लिहा, सही करा."
"तू काय पार्ट आहेस?"
"पार्टला कारण मिळतं, मॅडम."
शेजारच्या टेबलावरचा अकाउंट्सवाला खोकायला लागला. मॅडमनी पेन उचललं, खाली ठेवलं. प्लांट हेडना विचारून सांगते म्हणाल्या. टॅग कोराच आहे. म्हणजे लिहिण्यासारखं कारण नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

पाठ फार दुखते आहे. बाळ आज शांत.

११ फेब्रुवारी

प्लांट हेड भेटले नाहीत. शिफ्ट संपताना मॅडम जिन्यात म्हणाल्या, "उगाच मोठं करू नकोस. पुढचं कॉन्ट्रॅक्टही माझ्याच हातात आहे." आवाज हळू होता. मी कठडा धरून उभी होते, त्या खाली उतरून गेल्या.

घरी येऊन ईमेल लिहिला, मॅडम आणि प्लांट हेड दोघांना. संताप होता तो सगळा खोडला. उरलं ते एवढं:

"माझा प्रसूती रजेचा अर्ज पुन्हा सोबत जोडला आहे. मी राजीनामा देत नाही. रजा मंजूर करावी. नामंजूर असल्यास कारण, नाव आणि सहीसह कळवावे. उत्तर लेखी हवे, २० फेब्रुवारीपर्यंत."

पाठवला.