चटणीची बरणी रिकामी झाली त्याची हकिकत

ती. सौ. आक्का,

साष्टांग नमस्कार घालायचा तर खाली वाकावं लागतं, आणि आज माझी कंबर वाकायला तयार नाही. तेव्हा हा उभ्यानंच घातलेला नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? (आमच्याकडे दुपारपासून सगळेच खोकताहेत, पण त्याचं कारण पुढे येईल.) फोन करायचा सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोन सध्या तूच पाठवलेल्या नव्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. तांदूळ ओल शोषून घेतो म्हणतात. दूधही शोषतो का, ते कुणाला माहीत नाही. तुझा नंबरही त्यातच अडकलाय. पत्र चंदगडच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, तो दाजींच्या ओळखीचा आहे. हे वाचताना बसून घे. स्वयंपाकघरात असशील तर हातातलं लाटणं आधी खाली ठेव.

आधी मूळ गोष्ट सांगतो. स्वप्नालीच्या बँकेनं तिला अधिकारी करायचं ठरवलंय आणि त्यासाठी तिला महिनाभर नाशिकला ट्रेनिंगला जायचंय. हे याआधी दोनदा आलं होतं. एकदा नंदिनी पोटात होती, एकदा पृथ्वीराज नुकताच झाला होता. दोन्ही वेळा तिनं 'जमणार नाही' असं कळवलं आणि गप भाकरी थापायला बसली. आता तिसऱ्यांदा विचारलंय, चौथ्यांदा कोणी विचारणार नाही. उद्या दुपारपर्यंत होकार कळवायचाय. तिनं जावं असं मला मनापासून वाटतं, आक्का. म्हणूनच कबनूरला सासऱ्यांकडे जेवताना मी सगळ्यांसमोर बोलून गेलो की पोरांचं काय एवढं, मी सांभाळतो की. सासरे हसले. (सगळा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना हळू हसताच येत नाही.) स्वप्नाली हसली नाही. ती म्हणाली, रविवारी मी सकाळी माहेरी येते ती संध्याकाळी परतते, तेवढा एक दिवस दोघांना एकट्यानं सांभाळून दाखवा, मग मी ठरवते. तो रविवार म्हणजे आज.

सकाळी ती एसटीला गेली आणि तिची गाडी स्टँडातून बाहेर पडायच्या आत पृथ्वी आंघोळ नको म्हणून पलंगाखाली गेला. अडीच वर्षांचं पोर, पण पलंगाखाली गेलं की त्याच्या अंगात एखाद्या पैलवानाची ताकद येते. त्याला बाहेर काढताना माझी कंबर गेली. नंदिनीच्या दोन वेण्या घालायच्या होत्या. एक झाली, ती तिच्या कपाळावर आली. दुसरी घालत होतो तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं, घरातलं होतं तेवढं सगळं. (हे दूध लक्षात ठेव. मी ठेवलं नाही, तिथंच चुकलं.) वरणभात खाऊन झाल्यावर मी दोघांना दोन कुशीत घेऊन झोपवायला आडवा झालो. तिघांपैकी एकजण झोपला. पोरं जागी होती.

आता बस म्हटलं होतं ना, तशी नीट बस. उन्हाळ्यात तू स्वतः इथं येऊन, मिरच्या कुटायच्या डंकावर उभी राहून, कुटणाऱ्या बाईशी दोनदा भांडून आमची वर्षाची तिखट चटणी करून दिलीस, ती बरणी. मला जाग आली ती शिंकेनं. उठून स्वयंपाकघरात गेलो तर नंदिनीनं डंक चालू केला होता. उन्हाळ्यात तुझ्याबरोबर तिथं बसून तिनं सगळं बघितलेलं. कुटणारी बाई कशी ओरडते तेसुद्धा तिला पाठ होतं. ती मालकीण, पृथ्वी कामगार, मुसळाच्या ऐवजी माझा बूट. बरणी पालथी, फरशी तांबडी, भिंत कमरेपर्यंत तांबडी आणि पृथ्वीचे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे. तो अजून हसत होता. मग त्याच्या हातांना कळलं की आपण कशात आहोत, आणि त्यानं जो आवाज काढला तो तुला चंदगडला ऐकू आला नसेल तर फक्त मधल्या डोंगरांमुळे.

त्याचे हात डोळ्यांकडे जाऊ नयेत म्हणून मी ते वर धरले. पाण्यानं धुतले, साबणानं धुतले, पण आग थांबेना. यावर थंड दूध हा उपाय आपल्या घरात कोणाला सांगावा लागत नाही. घरातलं दूध सकाळीच गॅसवर गेलेलं. पिशवी आणायला कोपऱ्यावर जायचं सोडून मला एकदम म्हशी समोर पिळून दूध देतात तो दूधकट्टा आठवला. आबा लहानपणी आपल्याला पडशापासून परीक्षेतल्या नापाशीपर्यंत कशावरही कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजायचे, तो संस्कार. धारोष्ण म्हणजे गरम, आणि आपल्याला हवंय थंड, हा विचार मला कट्ट्यावर पोचल्यानंतर सुचला. स्कूटरवर पुढे पृथ्वी हात वर करून, मागे नंदिनी एका वेणीनिशी. सिग्नलला एका आजोबांनी विचारलं, "पावणं, पोरगं रंगपंचमीपासनं धुतलंच न्हाय व्हय?" सिग्नल सुटल्याबरोबर मी स्कूटर दामटली.

कट्ट्यावर आकाराम गवळ्याची एक म्हैस पिळून झाली होती, चरवी भरलेली होती, आणि तालमीतून आलेले पाच-सहाजण पितळी पेले घेऊन दुसऱ्या म्हशीसाठी रांगेत उभे होते. मी एक पेला दूध घेतलं आणि त्यात पोराचे हात बुडवले. रांगेतल्या सगळ्यांचे पेले एकदम खाली आले. त्यांच्या देखत दुधात हात धुणारा माणूस त्या कट्ट्यावर आजपर्यंत आला नसावा. आग मात्र थांबली. पृथ्वी गप झाला, त्यानं पेल्यातलं तांबडं दूध हुंगलं आणि सगळं पिऊन टाकलं. घरी दुधाचा पेला दिसला की ओठ शिवून घेणारं हे पोर, "आजून" म्हणालं.

इथं थांबलं असतं तरी मी वाचलो असतो. पण आकारामनं दुसऱ्या म्हशीला पान्हा फुटावा म्हणून रेडकू सोडलं, ते चार घोट प्यालं असेल नसेल, तोच त्याला ओढून खुंट्याला बांधलं. जगात सगळीकडे असंच करतात. नंदिनीनं ते पहिल्यांदा पाहिलं. ती गेली आणि त्या रेडकाच्या गळ्यात हात घालून शेणात बसली. त्याचं जेवण अर्धं राहिलंय म्हणाली. आकारामनं समजावलं, "त्याला मागनं हाय की, बाळ." त्यावर ती म्हणाली, "मागनं म्हंजे कवा? आमाला आधी वाढत्यात, मग आई जेवती. ह्याला का न्हाय?" पेले धरलेली ती धिप्पाड माणसं एकमेकांच्या पेल्यात बघू लागली.

मी तिला ऊठ म्हणालो. ती उठली नाही, फक्त मला म्हणाली, "बाबा, तू सांग त्यांना." आता काय करणार, आक्का? कंबर मोडलेली, एका हातात तांबडं पोर, समोर अख्खी तालीम. मी तिच्या शेजारी शेणात बसलो आणि रांगेला म्हणालो, आज रेडकाला आधी पोटभर पिऊ द्या. आवाज चिरका निघाला. सगळ्यात दांडगा पैलवान पेला पालथा घालून कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "सोड रं आकाराम, पिऊ दे त्याला." आकारामनं रेडकू सोडलं.

नेमका त्याच वेळी स्वप्नालीचा व्हिडिओ कॉल आला. मी चुकून घेतला. तिला काय दिसलं असेल ते तूच डोळ्यांपुढे आण: तांबडा मुलगा, शेणातली मुलगी, शेणातला नवरा, मागे पैलवान आणि कोणीतरी ओरडतंय, "सुटलं, सुटलं!" ती "काय सुटलं?" विचारेपर्यंत पृथ्वीनं आईला घ्यायला म्हणून हात घातला आणि फोन भरलेल्या चरवीत गेला. रेडकू पोटभर प्यालं. म्हशीनं पुढे धार दिलीच नाही. चरवीतलं दूध फोनसकट वाया गेलं, तेवढ्या दुधाचे पैसे आकारामनं घेतले आणि फोन फडक्यानं पुसून दिला. माणसं रिकामे पेले घेऊन घरी गेली. जाताना प्रत्येकानं मला काहीतरी सुनावलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

स्वप्नाली भावाला घेऊन त्याच्या गाडीतून सुसाट आली. तेव्हा पोरं आंघोळ करून झोपली होती आणि मी भिंत घासत होतो. तिनं भिंत पाहिली, बरणी पाहिली, माझ्या पँटकडे पाहिलं. ती आत्ता आत पोरांपाशी आडवी झालीय. त्या दोन्ही वेळांसारखीच गप आहे. मी हरलो, आक्का. एक रविवार जमला नाही, महिना कुठून जमणार? ती उद्या 'जमणार नाही' म्हणून कळवणार, आणि या वेळी त्याला कारण मी.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धैर्यशील

ता. क. पत्राचा मुद्दा लिहायचा राहिलाच. तू महिनाभर इकडे येशील का? तू येतेस एवढं कळलं तर ती अजूनही होकार कळवेल. शेजारच्या सयाजीकाकांचा नंबर कंडक्टरकडे दिलाय, त्यावर निरोप दे, उद्या दुपारच्या आत.

ता. क. २. गुडघा दुखत असला तरी ये. चटणीबद्दल जे काय बोलायचं असेल ते समोर बोल.

ता. क. ३. वन्सं, स्वप्नालीचा नमस्कार. पत्र उघडंच टेबलावर होतं म्हणून वाचलं. काल कबनूरहून येताना मी नाही म्हणायचंच ठरवलं होतं, गाडीत भावालाही तसं बोलले. रात्री नंदिनी अर्धवट झोपेत म्हणाली, "बाबा माझ्यासाठी शेणात बसला." पहाटे, पत्र गाडीवर जायच्या आत, उठून फोनवरूनच बँकेला होकार कळवला. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, भिंतीचा एक कोपरा घासायचा राहिलाय.

तुम्ही मात्र येऊ नका. तुम्ही आलात की हे पुन्हा दुपारी झोपतील. चटणी तेवढी पाठवा, छोट्या बरणीत.