मांडीवरून उतरवलेली

माननीय ब्रॉनविन बाई,

लायसन्सविना गाडी चालवली म्हणून पोलिसांनी माझ्या लेकीला, मर्लीनला तुरुंगात टाकलं. तिची पोर शेलीन कुणाकडे ठेवायची, हे ठरवायला तुम्ही अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या बालकल्याण ऑफिसात बैठक बोलावलीत, बिस्किटंसुद्धा मांडलीत. शेलीन माझ्या मांडीवर होती. तेवढ्यात माझा जावई आत आला. आम्हा आदिवासींत सासू-जावई एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांकडे बघतही नाहीत. मी पोरीला खाली उतरवलं आणि बाहेर गेले. तुमचा निष्कर्ष: आजीला नातीत रस नाही.

धाकटी बहीण ओरडली, "ताई, रीतभात ठेव गुंडाळून! पोरगी हातची जाईल."

पुढच्या बैठकीला मी डोक्यावरून शाल ओढून, मान खाली घालून बसले, पण हलले नाही. जावई मात्र गुणी. मला पाहताच दारातून माघारी पळाला. तुमचा निष्कर्ष: बाप जबाबदारी टाळतो, आजी नजर चुकवते.

"बाई, आम्हाला वेगवेगळं बोलवा ना," मी म्हटलं.

तुम्ही गोड हसलात. "घरात इतकं वितुष्ट असेल, तर मूल कसं ठेवायचं तिथे?"

शेलीन आता अ‍ॅडलेडला परक्यांकडे असते. हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही त्याचाही निष्कर्ष काढाल. पोरगी डोळ्याला डोळा भिडवून बोलायला शिकली, असं तुम्ही कौतुकाने कळवलंत. खरंच शिकली. काल फोनच्या पडद्यावरून माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, "आजी, मला मांडीवरून का उतरवलंस?"

तुमच्या दाराबाहेरची,
डॅफ्नी